लॉक आणि रीड समोरासमोर: दोन मतांची चिकित्सा करणारा निबंध कसा लिहायचा

तत्त्वज्ञानाचा माझा पहिला निबंध चांगला आठ पानी झाला होता. तीन पानं एका विचारवंताला, तीन दुसऱ्याला, मग साम्य-भेदांचा तक्ता आणि शेवटी ‘दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे’ असा समारोप. वही परत आली तेव्हा आठ पानांत मिळून लाल शाईचा एकच शब्द होता, त्या समारोपाशेजारी समासात: ‘मग?’

तेव्हा राग आला होता. पुढे दुसऱ्यांचे निबंध तपासायची वेळ माझ्यावर आली आणि मीही समासात तेच लिहायला लागलो. कारण नव्याने लिहिणारे बहुतेक जण एकाच जागी अडकतात. दोन्ही मतं नीट मांडतात, पण ती एकमेकांना भिडवत नाहीत. दोन पैलवानांची ओळख करून द्यायची, वजनं सांगायची आणि कुस्ती न लावताच प्रेक्षकांना घरी पाठवायचं, असा तो प्रकार होतो.

ही कुस्ती कशी लावायची ते एकच उदाहरण शेवटपर्यंत धरून दाखवतो. विषय जुना आहे: दहा वर्षांपूर्वीची व्यक्ती आणि आजची व्यक्ती एकच आहे, हे कशामुळे ठरतं? एका बाजूला सतराव्या शतकातला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक, दुसऱ्या बाजूला अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ थॉमस रीड.

पायरी १: प्रश्न लहान करा

‘स्व या संकल्पनेविषयी विविध विचारवंतांची मते’ हा निबंधाचा विषय नाही, ग्रंथमालेचा आहे. दीड हजार शब्दांत एक प्रश्न, दोन माणसं आणि त्यांच्यातला एकच वाद मावतो. प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर चुकीचं असू शकेल. ‘लॉकचे विचार महत्त्वाचे आहेत का?’ याला कोणीच नाही म्हणणार नाही, म्हणून तो निरुपयोगी. ‘स्मृतीमुळे व्यक्ती तीच राहते का?’ यावर भांडण होऊ शकतं.

प्रश्न दुसऱ्याने दिलेला असेल तर त्यातलं क्रियापद बघा. ‘स्पष्ट करा’ आणि ‘चिकित्सक परीक्षण करा’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. दुसरीत तुमचा निवाडा अपेक्षित असतो.

पायरी २: दोन्ही युक्तिवाद सुटे करून मांडा

वाचताना पानंच्या पानं उतरवून घेऊ नका. मूळ मजकूर वाचा, पुस्तक मिटा आणि युक्तिवाद आकडे घालून स्वतःच्या वाक्यांत लिहा. जे वाक्य लिहिताना अडखळता, तिथे तुम्हाला अजून कळलेलं नाही. ते कळेपर्यंत पुन्हा वाचायचं, दुसरा उपाय नाही.

लॉकने मानवी आकलनावरच्या आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या आवृत्तीत, १६९४ साली, या विषयावरचं प्रकरण नव्याने घातलं. त्यातला युक्तिवाद माझ्या टिपणवहीत असा उतरला:

१. ‘माणूस’ आणि ‘व्यक्ती’ या दोन वेगळ्या कल्पना आहेत. माणूस म्हणजे एक जिवंत शरीर. व्यक्ती म्हणजे विचार करणारा आणि वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या ठिकाणी ‘हा मीच’ असं स्वतःला ओळखू शकणारा.
२. स्वतःला असं ओळखणं जाणिवेमुळेच शक्य होतं.
३. म्हणून जाणीव भूतकाळात जिथवर पोचते, तिथवर ती व्यक्ती तीच.

याला जोड म्हणून लॉक एक कल्पित प्रसंग देतो. राजपुत्राची जाणीव, त्याच्या सगळ्या गतायुष्यासह, एका चांभाराच्या शरीरात शिरली तर? समोर दिसणारा माणूस चांभारच, पण व्यक्ती राजपुत्राची. राजपुत्राने केलेल्या कृत्यांचा जाब तोच देणार.

रीडने उत्तर दिलं ते १७८५ साली, तेही एका गोष्टीतून. एका मुलाला फळबाग लुटल्याबद्दल शाळेत फटके बसतात. तोच पुढे तरुण अधिकारी होतो आणि पहिल्याच मोहिमेत शत्रूचं निशाण हिसकावून आणतो. उतारवयात तो सेनापती होतो. अधिकाऱ्याला शाळेतले फटके आठवतात. सेनापतीला निशाणाचा प्रसंग आठवतो, पण फटक्यांची आठवण पूर्ण पुसली गेली आहे. आता लॉकची फूटपट्टी लावा. मुलगा आणि अधिकारी एकच व्यक्ती, अधिकारी आणि सेनापती एकच व्यक्ती. म्हणजे मुलगा आणि सेनापती एकच. पण सेनापतीची जाणीव त्या फटक्यांपर्यंत पोचत नाही, म्हणजे ते एक नाहीत. एकच सेनापती तो मुलगा आहे आणि नाहीही. वदतोव्याघात.

गोष्ट मोहक आहे, आणि तोच धोका. अनेक निबंधांत गोष्ट सांगून होते आणि युक्तिवाद राहून जातो. गोष्टीच्या शेवटी ‘म्हणून’ने सुरू होणारं वाक्य तुम्ही लिहिलंय का, तेवढं बघा.

पायरी ३: फाटा नेमका कुठे फुटतो ते शोधा

निबंधाचा जीव इथे आहे, म्हणून सर्वांत जास्त वेळ इथे घाला.

आधी दोघांना काय मान्य आहे ते पाहा. ‘क’ हाच ‘ख’ आणि ‘ख’ हाच ‘ग’, तर ‘क’ हाच ‘ग’: रीड यावर विसंबतो आणि हे नाकारायचं तर लॉकलाही फार मोठी उडी मारावी लागेल. निव्वळ शरीर तेच आहे म्हणून व्यक्ती तीच, हे दोघांनाही पटत नाही. आपल्या भूतकाळाची खबर स्मृतीतून लागते, यावरही वाद नाही. मग भांडण कशावर?

स्मृती काय करते, यावर. लॉकच्या मांडणीत जाणीव व्यक्तीचं एकत्व घडवते. रीडच्या मते स्मृती ते एकत्व फक्त कळवते. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे आग आहे असं आपण म्हणतो, पण आग धुरामुळे लागत नाही. लॉकने धुरालाच आग मानलं, असं रीडचं म्हणणं थोडक्यात सांगता येईल. रीडच्या लेखी ‘मी’ ही एक अखंड, अविभाज्य गोष्ट आहे. तिला काही आठवो न आठवो, ती तीच असते.

असा सांधा सापडला की कागदावर एका वाक्यात लिहून समोर चिकटवा: ‘स्मृती एकत्व घडवते की दाखवते?’ या वाक्याशी ज्याचा संबंध नाही तो मजकूर, कितीही कष्टाने मिळवलेला असो, निबंधात येत नाही. लॉकचं चरित्र, त्याचे राजकीय विचार, रीडचं समकालीनांशी नातं, सगळं बाहेर.

साम्य-भेदांच्या याद्या का फसवतात तेही इथेच दिसतं. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे विचारवंत, म्हणतात: जे मी डोळ्यांनी पाहिलं त्यालाच मी आता हात लावतो आहे, असं आपण ओळखतो, तेव्हा पाहणारा आणि स्पर्श करणारा एकच टिकाऊ आत्मा असला पाहिजे. बौद्ध उत्तर देतात की क्षणाक्षणाला बदलणारा प्रवाह आणि त्यातून पुढे सरकणारे संस्कार एवढ्यावर स्मरणाचा उलगडा होतो, कायम राहणारा ज्ञाता लागत नाही. ‘लॉक आणि नैयायिक दोघेही स्मृतीला महत्त्व देतात’ असं वाक्य तक्त्यात छान शोभेल. प्रत्यक्षात नैयायिक स्मृतीवरून आत्म्याचं अनुमान करतात, म्हणजे स्मृतीला खूण मानतात. या मुद्द्यावर ते रीडच्या बाजूला बसतात. शब्द तोच असला तरी युक्तिवादात त्याचं काम काय आहे, याची तुलना करायची असते.

पायरी ४: पूर्वपक्ष असा मांडा की त्याच्या माणसाने मान डोलवावी

आपल्याकडच्या शास्त्रग्रंथांत खंडनाआधी पूर्वपक्ष, म्हणजे जे खोडायचं ते समोरच्याचं मत, येतो, आणि पुष्कळदा तो इतक्या ताकदीने मांडलेला असतो की हे ग्रंथकाराचंच मत असावं असा भास होतो. ही सवय लावून घ्या.

उलटं उदाहरण देतो. ‘लॉकच्या मते गुन्हा विसरला की माणूस सुटला, हे हास्यास्पद आहे.’ हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल, गणती नाही. लॉकने हा आक्षेप स्वतःच ओळखला होता. दारूच्या नशेत केलेलं कृत्य शुद्धीवर आल्यावर आठवत नाही, तरी शिक्षा का होते? त्याचं उत्तर असं, की कृत्य घडलं हे न्यायालयात सिद्ध होतं, पण आठवत नाही हे सिद्ध करता येत नाही. खोटं कोण बोलतंय आणि खरं कोण, हे ओळखायचं साधन माणसाच्या न्यायालयाकडे नाही. ईश्वराच्या अंतिम निवाड्यात मात्र, ज्याची जाणीवच नाही अशा कृत्याचा जाब कोणाला द्यावा लागणार नाही. हे उत्तर तुम्हाला पटायलाच हवं असं नाही. पण ते नोंदवल्याशिवाय केलेली टीका लॉकवर होत नाही, आपणच उभ्या केलेल्या बुजगावण्यावर होते.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य शोधण्यासाठी तो वाद, जिंकण्यासाठी तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याचं फक्त खोडून काढायचं ती वितंडा. मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द टिकला आणि जल्प हरवला, यात काहीतरी सुचवणारं आहे. ते असो. निबंधात हवा तो वाद.

पायरी ५: टीका निष्कर्षावर नको, आधारविधानावर करा

‘लॉकचं मत पटत नाही’ ही प्रतिक्रिया झाली. टीका म्हणजे आकडे घातलेल्या त्या टिपणात बोट ठेवणं: दुसरं आधारविधान खोटं आहे, किंवा पहिली दोन खरी मानूनही तिसरं त्यांतून निघत नाही.

समोर व्याख्या असेल तर आपल्या परंपरेतली दोन हत्यारं फार कामाची आहेत. जे आत यायला हवं ते बाहेर राहिलं तर अव्याप्ती, जे बाहेर हवं ते आत शिरलं तर अतिव्याप्ती. गाढ झोपेतला मी व्यक्ती म्हणून तोच असतो, पण त्या तासांची मला काही आठवण नाही. ही लॉकच्या व्याख्येतली अव्याप्ती म्हणता येईल. तिसरं हत्यार चक्रकदोषाचं. जोसेफ बटलर या इंग्रज तत्त्वज्ञाने १७३६ मध्ये ते वापरलं. खरी आठवण आणि भास यांत फरक करायचा तर ‘हे मी खरंच केलं होतं का’ हे आधी ठरवावं लागतं. म्हणजे जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं जातं.

इथे मोह आवरा. झोप, बटलर, रीड, शिवाय अलीकडचे दोन-चार, असे सगळे आक्षेप एकेका ओळीत ठोकून दिले की वाचकाला वाटतं लेखकाने खूप वाचलंय, आणि एवढंच वाटतं. एकच आक्षेप घ्या आणि तळापर्यंत जा. मी रीडचा घेतो.

तळापर्यंत म्हणजे कसं? आधी लॉकच्या बाजूने सर्वांत चांगलं उत्तर शोधायचं. एक उत्तर आहे साखळीचं. पॉल ग्राइस या ब्रिटिश तत्त्वज्ञाने १९४१ मध्ये त्याच दिशेने मांडणी केली. सेनापतीला फटके थेट आठवले नाहीत तरी चालेल. त्याला अधिकारी असतानाचे दिवस आठवतात, आणि त्या अधिकाऱ्याला शाळेतले. एकमेकांत अडकलेल्या आठवणींच्या कड्यांनी दोन टोकं जोडली गेली की व्यक्ती एक. विसंगती गेली.

बहुतेक निबंध इथे थांबतात: ‘अशा प्रकारे आक्षेपाचं निरसन होतं.’ तुम्ही आणखी एक पाऊल टाका आणि विचारा, या दुरुस्तीची किंमत काय?

लॉकला ‘व्यक्ती’ ही कल्पना मुळात हवी होती ती जबाबदारीसाठी. शिक्षा आणि बक्षीस कोणाला, हे ठरवणारी ती संज्ञा आहे, असं तो स्वतः सांगतो. जाणीव नाही तिथे जाब नाही, हे त्याच्या मांडणीचं मर्म. साखळी स्वीकारली की सेनापती फळबागेच्या लुटीला जबाबदार ठरतो, जरी ती लूट त्याच्या जाणिवेत कुठेच उरलेली नाही. म्हणजे दुरुस्तीने व्याख्या वाचली, पण ती व्याख्या ज्यासाठी केली होती ते हातचं गेलं. असा मुद्दा सापडला की निबंध तुमचा होतो. तो कुठून उतरवून घेतलेला नसतो, तुम्ही तिथपर्यंत चालत आलेला असता.

आणि रीडलाही सोडू नका. एक मत पडलं म्हणून दुसरं आपोआप उभं राहत नाही, ही गोष्ट चांगले लिहिणारेसुद्धा विसरतात. रीडच्या अविभाज्य ‘मी’ला लॉकचाच एक प्रसंग विचारता येतो: ट्रॉयच्या वेढ्यात लढलेल्या नेस्टरचा आत्मा आज एखाद्याच्या ठायी असेल, पण नेस्टरच्या एकाही कृत्याची जाणीव त्याला नसेल, तर तो माणूस नेस्टर ठरेल का? ‘हो’ म्हणणं अवघड आहे. मग जाणिवेपासून तोडलेलं एकत्व आपल्याला कशासाठी हवं, हे रीडने सांगायला हवं.

पायरी ६: आता प्रतिपाद्य लिहा

प्रतिपाद्य म्हणजे निबंध काय सिद्ध करणार आहे ते एका-दोन वाक्यांत. ते आधी ठरवून वाचायला बसणारे असतात. माझा अनुभव असा की पाचव्या पायरीआधी लिहिलेलं प्रतिपाद्य नंतर बदलावंच लागतं.

लेचंपेचं: ‘या निबंधात लॉक व रीड यांच्या विचारांचा तौलनिक अभ्यास करून त्यांचे गुणदोष पाहिले आहेत.’

ठाम: ‘रीडचा आक्षेप लॉकची व्याख्या मोडत नाही, कारण साखळीची दुरुस्ती उपलब्ध आहे, पण त्या दुरुस्तीने स्मृती आणि जबाबदारी यांची लॉकने घातलेली गाठ सुटते.’

दुसऱ्याशी कोणी असहमत होऊ शकेल. पहिल्याशी असहमत व्हायला त्यात काही नाहीच. मधला निवाडा चालतो, अगदी ‘दोघेही अंशतः बरोबर’सुद्धा चालेल, फक्त कोण किती आणि कोणत्या मुद्द्यावर ते सांगावं लागतं.

पायरी ७: रचना

आधी अख्खा लॉक, मग अख्खा रीड, मग तुलना: ही रचना सोपी आहे आणि तिच्यात निबंध मध्येच दुभंगतो. मुद्द्यामागून मुद्दा घेऊन दोघांना आळीपाळीने उभं करणंही टेनिससारखं होतं, वाचकाची मान दुखते. मला संवादाची रचना आवडते: मत, आक्षेप, उत्तर, उत्तराची किंमत, निवाडा. दीड हजार शब्दांचा हिशेब साधारण असा ठेवा: प्रस्तावना १५०, लॉक ३००, रीड ३००, आक्षेप-उत्तराची झटापट ५००, निवाडा २५०. मांडणीत हजार शब्द गेले तर टीकेला जागा उरत नाही, आणि गुण तर तिथेच असतात.

पायरी ८: भाषा

शाळेतल्या निबंधाने लावलेल्या दोन सवयी इथे मोडाव्या लागतात. एक, ‘अनादी काळापासून मानवाला हा प्रश्न पडत आला आहे’ अशी सुरुवात. सरळ खोडा. दुसरी, तोच शब्द पुन्हा नको म्हणून समानार्थी शब्द पेरणं. पहिल्या परिच्छेदात जाणीव, दुसऱ्यात स्मृती, तिसऱ्यात आत्मभान असं केलंत की वाचकाला तीन गोष्टी दिसतात. लॉकच्या बाबतीत जाणीव आणि स्मृती एकच आहेत का, हा अभ्यासकांत खरोखरच वादाचा मुद्दा आहे; तिथे शब्दांचा नाद महागात पडतो. एक शब्द निवडा, त्याचा अर्थ सांगा, कंटाळा येईपर्यंत तोच वापरा.

शब्द तोच आणि अर्थ दुसरा, हा उलटा घोटाळाही होतो. छल म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम दुसरा अर्थ धरणं. त्याचं जुनं उदाहरण प्रसिद्ध आहे: ‘याच्याकडे नव कंबल आहे’ म्हणजे घोंगडी नवी आहे असं कोणी म्हणतो, आणि समोरचा ‘नव’ म्हणजे नऊ धरून ‘नऊ कुठे, एकच तर आहे’ म्हणून भांडतो. आपल्या निबंधात हे ‘तोच’ या शब्दाचं होतं. ‘सेनापती तोच आहे’ म्हणजे तोच माणूस की तीच व्यक्ती? लॉकने हा फरक केलाय, त्यामुळे प्रत्येक ‘तोच’पुढे थांबून तपासा.

‘मला वाटतं’ लिहायला हरकत नाही, पुढे ‘कारण’ येत असेल तर. अवतरणं मोजकी, ज्या वाक्याच्या नेमक्या शब्दांवर तुमची टीका उभी आहे तेवढंच उद्धृत करा, आणि कुठून घेतलं ते सांगा. बाकी स्वतःच्या शब्दांत.

पायरी ९: उलट तपासणी

प्रत्येक परिच्छेदाचं फक्त पहिलं वाक्य सलग वाचा. युक्तिवाद पुढे सरकताना दिसला पाहिजे. ‘रीड पुढे म्हणतो’, ‘तसेच लॉकने असेही म्हटले आहे’ अशी वाक्यं लागोपाठ आली तर तो भाग सारांश आहे, युक्तिवाद नाही. मग विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्याला मसुदा वाचून दाखवा. ‘पण सेनापतीला नंतर आठवलं तर?’ असं त्याने विचारलं तर निबंध पोचला. आणि त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नसेल तर अजून एक परिच्छेद बाकी आहे.

प्रस्तावना सगळ्यात शेवटी नव्याने लिहा. माझी आज अशी झाली असती:

‘एखादं कृत्य मला आठवत नसेल, तर ते करणारा मीच होतो असं म्हणता येईल का? लॉकच्या मते नाही; व्यक्तीचं एकत्व तिच्या जाणिवेइतकंच लांब असतं. रीडने सेनापतीच्या उदाहरणातून दाखवलं की यातून विसंगती निघते. आठवणींची साखळी मानली तर ती विसंगती टाळता येते, हे मी आधी दाखवेन. त्यानंतर मी असा युक्तिवाद करेन की ही साखळी स्वीकारणाऱ्याला, विसरलेल्या कृत्याची जबाबदारी आपल्यावर का येते, याचं लॉकपेक्षा वेगळं उत्तर द्यावं लागेल.’